स्वमग्न कन्येचे रणांगण

मारामारीच्या चित्रपटांविषयी वृत्तपत्राच्या या जागेत लिहावे काय, असा किंतु आमच्या काही वाचकांच्या मनात येईल. सुशिक्षित घरांतून हा प्रकार पोरासोरांचा समजला जातो. सत्तरच्या दशकात ब्रूस लीच्या चित्रपटांनी आपल्याकडील तरुणांना वेड लावले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी नाके मुरडलीच होती. पुढे २००४ पासून पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला, देशोदेशीचे चित्रपट दाराशी आले, तरी लाथाबुक्क्यांच्या चित्रपटाकडे पाहण्याची आपली नजर फारशी निवळली आहे असे आम्हांस वाटत नाही. चित्रपटात हाणामारी असली की विचार नसणार, हे आपण गृहीतच धरून बसतो. हे गृहीत किती कच्चे आहे ते पाहावयाचे असेल, तर २००८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये प्रदर्शित झालेला 'चॉकलेट' हा चित्रपट जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. त्यात दोष नाहीत असे नव्हे. दोष पुष्कळ आहेत आणि त्यांतील एक गंभीर आहे. परंतु एका मुलीला मध्यभागी उभी करून या चित्रपटाने जे काही मांडले आहे, त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

कथानक थोडक्यात सांगण्याजोगे आहे. बँकॉकमधील गुंडांच्या टोळीत वावरणारी झिन नावाची तरुणी मासाशी या जपानी गुंडाच्या प्रेमात पडते. टोळीचा म्होरक्या, ज्याला सारे 'आठ नंबर' म्हणूनच ओळखतात, तो हे प्रेम सहन करणे शक्यच नसते. मासाशीला जपानला परत जावे लागते आणि झिनच्या पोटी एक मुलगी जन्माला येते. तिचे नाव झेन. ही मुलगी चारचौघींसारखी नाही. ती बोलत नाही म्हटले तरी चालेल, नजरेला नजर देत नाही, रंगीत चॉकलेटच्या गोळ्या चघळत तासन् तास एकाच जागी बसते आणि माशी दिसली की थरथर कापते. आजच्या वैद्यकीय परिभाषेत ती स्वमग्न आहे. आई तिला घेऊन जेथे राहते, त्या घराच्या शेजारीच मुष्टियुद्धाची तालीम आहे. पोर दिवसभर तिकडे टक लावून बसते. उरलेला वेळ दूरचित्रवाणीवरील मारधाडीचे चित्रपट पाहण्यात जातो. जे डोळ्यांनी दिसते, ते तिच्या हातापायांत उतरत जाते. कोणी शिकवलेले नाही, कोणाला ठाऊकही नाही.

पुढे आईला कर्करोग होतो. औषधपाण्याला पैसा लागतो. झिनने आश्रय दिलेला मूम नावाचा अनाथ, गुटगुटीत मुलगा झेनला घेऊन रस्त्यावर खेळ करू लागतो. लोकांनी चेंडू फेकावेत आणि हिने न बघता झेलावेत, असा तो खेळ. अशात मूमला एक जुनी वही सापडते. कोणाकोणाकडून झिनचे किती येणे आहे त्याची नोंद त्या वहीत असते. दोन्ही पोरे वसुलीला निघतात. देणेकरी अर्थातच हसून हाकलून देतात, आणि मग त्या अबोल पोरीचे हातपाय चालू लागतात.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. ते येणे कसले, याची चौकशी चित्रपट करीत नाही. टोळीच्या दिवसांतील तो पैसा धुतल्या तांदळासारखा असण्याचा संभव कमीच. बर्फाच्या कारखान्यात नि मांसाच्या बाजारात झेनच्या लाथा खाणारे बहुसंख्य लोक मालक नव्हेत, मजुरीवर पोट भरणारे कामगार आहेत. आईच्या औषधासाठी म्हणून प्रेक्षक टाळ्या पिटतो आणि हिशेब विसरतो. कथालेखकही विसरला आहे.

आता या चित्रपटामागील माणसांकडे वळू. दिग्दर्शकाचे नाव आपल्याकडे प्राच्या पिंकाएव असे लिहिले जाते, पण थाई लिपीत ते नाव म्हणजे आपलाच संस्कृत 'प्रज्ञा' हा शब्द होय. २००३ साली त्यांनी 'ओंग-बाक' हा चित्रपट काढला. खेड्यातील बुद्धमूर्तीचे चोरीला गेलेले मस्तक परत आणण्यासाठी राजधानीत आलेल्या तरुणाची ती कथा. टोनी जा हा सुरिन प्रांतातील तरुण त्या एका चित्रपटाने जगभर गाजला. दोऱ्यांना लोंबकळणे नाही, संगणकाची जादू नाही, जे दिसते ते माणसाने अंगाने केलेले आहे, हा त्या चित्रपटाचा दावा होता आणि तो खरा होता. हाँगकाँगचे चित्रपट त्या सुमारास तारांवर तरंगू लागले होते. त्या पार्श्वभूमीवर हा उघड्यावाघड्या देहाचा पराक्रम प्रेक्षकांना नवा वाटला.

मात्र या साऱ्या पराक्रमाचा खरा शिल्पकार निराळा होता. पन्ना रित्तिकराय हे त्याचे नाव. १९६१ साली ईशान्य थायलंडातील खोन केन प्रांतात जन्मलेल्या या गृहस्थाने आपल्या भागातील पोरांना गोळा करून साहसी कसरतींचे पथक बांधले आणि तुटपुंज्या भांडवलावर मारधाडीचे चित्रपट काढले. बँकॉकच्या प्रतिष्ठित वर्तुळात त्यांना कोणी विचारीत नसे. त्यांचा प्रेक्षक खेड्यापाड्यांतला, भातशेतीवर राबणारा. त्या प्रेक्षकांतच लहानगा टोनी जा होता आणि पन्नांचा चित्रपट पाहूनच त्याने त्यांचे शिष्यत्व पत्करले. राजधानीने ज्याला हिणवले, त्याच विद्येने पुढे राजधानीच्या चित्रपटसृष्टीला जगाची बाजारपेठ मिळवून दिली. 'चॉकलेट'मधील सारी युद्धे पन्नांनीच बसवली आहेत. २०१४ च्या जुलैत, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते निवर्तले.

आणि नायिका! १९८४ साली बँकॉकमध्ये जन्मलेली याणिन विस्मितनंदन, लोकांच्या तोंडी 'जीजा'. मराठी वाचकाला या टोपणनावाने क्षणभर थबकल्यासारखे होईल. तो निव्वळ योगायोग आहे. तिच्या खऱ्या नावात मात्र योगायोग नाही. 'याणिन' म्हणजे पाली वळणाने थाई भाषेत गेलेला 'ज्ञानिन्', आणि आडनावात 'विस्मित' हा शब्द स्पष्ट ऐकू येतो. शब्द समुद्र ओलांडून कोठवर जातात याचे नवल करावे तितके थोडेच. जीजा लहानपणापासून तायक्वांदो शिकली होती. ही विद्या कोरियाची. पन्ना एका चित्रपटासाठी पात्रे निवडीत असताना ही बारीक चणीची मुलगी त्यांच्या नजरेस पडली. तिला दुय्यम भूमिकेत वाया घालवण्यापेक्षा तिच्यासाठी स्वतंत्र चित्रपटच काढावा असे ठरले, आणि त्यानंतर तिच्या तयारीत काही वर्षे गेली. एका अपरिचित मुलीवर निर्मात्याने इतका काळ नि पैसा लावावा, ही गोष्ट आपल्या चित्रपटसृष्टीच्या हिशेबात बसणारी नाही.

पडद्यावर लढणारी स्त्री ही आशियाला नवी नव्हे. आपल्याकडे १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'त नादियाने चाबूक उगारला तेव्हा प्रेक्षागृहे दणाणून गेली होती. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या त्या गौरवर्णी स्त्रीने आपली साहसे स्वतःच केली. हाँगकाँगमध्ये १९६६ साली किंग हू यांनी 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये चेंग पेइ-पेइ हिच्या हाती तलवार दिली. १९८५ साली 'येस, मॅडम'मधून मिशेल यो पुढे आली, आणि २०२३ साली तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. गंमत अशी की चेंग काय किंवा मिशेल यो काय, दोघींचेही मूळचे शिक्षण बॅले नृत्याचे. नृत्यांगनेचा देह घ्यावयाचा आणि त्याला युद्धाचे वळण लावावयाचे, ही तेथील दिग्दर्शकांची रीत. त्यामुळे त्यांच्या लढतींत डौल असतो, आणि आघाताचे वजन पुष्कळदा संकलकाच्या कात्रीतून येते. जीजाचा मार्ग याच्या उलट आहे. तिला लाथ मारणे येतच होते, शिकावयाचा होता तो अभिनय. आणि दैव असे की भूमिका मिळाली ती चेहऱ्यावर काहीही न दाखवणाऱ्या मुलीची! परिणामी या चित्रपटात अभिनय नि युद्ध ही दोन वेगळी खाती उरत नाहीत. झेनचे सारे बोलणे तिच्या गुडघ्यांतून, कोपरांतून आणि टाचांतूनच होते.

बर्फाच्या कारखान्यातील लढत पाहावी. जाणकारांना तेथे १९७१ सालचा ब्रूस लीचा 'द बिग बॉस' आठवल्याखेरीज राहत नाही. तो चित्रपट थायलंडमध्येच चित्रित झाला होता आणि त्यातही बर्फाचा कारखाना होताच. झेन ब्रूस लीसारखी नाकाला अंगठा लावते, त्याच्यासारखीच किंचाळते. इतरत्र असे अनुकरण म्हणजे चोरी ठरली असती. येथे ते कथेच्या पोटातून आले आहे, कारण या मुलीने जगाचे ज्ञान चित्रपटांच्या पडद्यावरूनच मिळवले आहे. पुढे मिठाईच्या गोदामात, मांसाच्या बाजारात, आणि शेवटी आगगाडीच्या उन्नत मार्गालगतच्या इमारतीवर लढती होतात. इमारतीच्या दर्शनी बाजूस प्रत्येक मजल्यावर हातभर रुंदीच्या कडा आहेत. त्या कडांवर झेन आणि तिचे शत्रू एकमेकांना वरून खाली फेकीत राहतात. श्वास रोखून पाहावा असा हा प्रसंग आहे. मांसाच्या बाजारातील लढत मात्र आम्हांस अधिक मोलाची वाटते. तेथे माश्या घोंगावत असतात, आणि दहा गुंडांना लोळवणारी मुलगी माशीपुढे हतबल होते. शक्तीचे चित्र कोणीही काढील. त्या शक्तीच्या शेजारीच बसलेली भीती दाखवणे कठीण असते.

थाई मुष्टियुद्धाविषयी येथे दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. मुठी, कोपर, गुडघे नि नडग्या या आठ अवयवांची ही युद्धविद्या. तिच्या जुन्या डावांची नावे ऐकली की आपले कान टवकारतात. दोन्ही मुठी एकदम वर नेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हनुवटीवर मारण्याच्या डावाला 'हनुमान मुद्रिका अर्पण करतो' अशा अर्थाचे नाव आहे, तर दुसऱ्या एका डावात ऐरावत सुळे उचलतो. थाई रामायणाला 'रामाकियन' म्हणतात आणि त्यातील मारुती हा तेथील लोकांचा विशेष लाडका. लढतीपूर्वी योद्धा जे गुरुवंदन करतो, त्यातील 'क्रू' हा शब्द म्हणजे 'गुरू'च, आणि मस्तकावर जे कडे धारण करतो त्या 'मोंगखोन'मध्ये 'मंगल' लपलेले आहे.

परंतु या मंगलाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बँकॉकमधील लुंपिनी हे १९५६ पासून चालत आलेले, थाई सैन्याच्या व्यवस्थेखालील क्रीडागार या विद्येची जणू काशी समजली जाते. त्याचे नाव आले आहे बुद्धाच्या जन्मभूमीवरून, लुंबिनीवरून. त्या पवित्र नावाच्या आखाड्यास स्त्रीने स्पर्श करू नये, असा तेथील दंडक होता. आखाड्याला मंत्रतंत्राचे संरक्षण आहे आणि स्त्रीच्या स्पर्शाने ते भंग पावेल, ही समजूत. जेथे स्त्रियांना लढण्याची मुभा होती, अशा अनेक ठिकाणीही पुरुष सर्वांत वरच्या दोरीवरून आखाड्यात उतरे आणि स्त्रीला सर्वांत खालच्या दोरीखालून सरपटत शिरावे लागे. देवळाच्या उंबरठ्यावरचे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्या आमच्या वाचकांना हे सारे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणजे असे की २००८ साली थायलंडच्या पडद्यावर एक मुलगी टोळ्यांच्या टोळ्या लोळवीत होती, आणि त्याच शहरातील सर्वांत मानाच्या आखाड्याला हात लावण्याची तिच्या जातीला परवानगी नव्हती. लुंपिनीत स्त्रियांची पहिली लढत व्हावयास २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. कोरियाच्या तायक्वांदोने थाई मुलींना असे थांबवून ठेवले नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या खेळात थाई स्त्रीने कांस्यपदक मिळवले, 'चॉकलेट' प्रदर्शित झाला त्याच वर्षी बीजिंगला रौप्य आले, आणि पुढे पाणिपक वोंगपट्टनाकित हिने टोकियो व पॅरिस अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकांत सुवर्णपदके पटकावली. नायिका तायक्वांदोच्या तालमीतून यावी, स्वदेशी आखाड्यातून येऊ नये, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

ज्या गंभीर दोषाचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तो स्वमग्नतेच्या चित्रणातील आहे. निसर्गाने एका हाताने काढून घेतले तर दुसऱ्या हाताने दामदुप्पट दिले, असा या चित्रपटाचा सूर आहे. हा सूर जुनाच. १९८८ च्या 'रेन मॅन'मध्ये डस्टिन हॉफमनने जी व्यक्तिरेखा उभी केली, ती आकडेमोडीत अलौकिक होती. तेव्हापासून पडद्यावरील स्वमग्न माणसाला काहीतरी अलौकिक यावेच लागते. प्रत्यक्षात अशी विलक्षण देणगी लाभलेली माणसे थोडी असतात. बहुसंख्य मुलांच्या वाट्याला येते ती शर्टाची बटणे लावण्याची, अनोळखी आवाज सहन करण्याची, पाणी हवे हे कोणाला तरी सांगण्याची रोजची लढाई. तिला पार्श्वसंगीत नसते. अशा घरांत पाहुणे येतात आणि विचारतात, 'मग याला विशेष काय येते?' या प्रश्नाने आईच्या काळजाला किती घरे पडतात ते तिलाच ठाऊक. या प्रश्नाला चित्रपटांनी खतपाणी घातले आहे, असा आमचा आरोप आहे.

आरोप करून मोकळे होणेही न्यायाचे नाही. ऑटिझमला मराठीत आपण 'स्वमग्नता' हा शब्द रूढ केला. १९४३ साली लिओ कॅनर या वैद्याने या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा अलिप्तपणावर त्याचा मोठा भर होता, आणि आपल्या शब्दातही तोच अर्थ उतरला आहे. स्वतःत बुडालेला तो स्वमग्न. पण 'चॉकलेट'मधील झेन स्वतःत बुडालेली नाही. बाहेरचे जगच तिच्यात पुरासारखे घुसते आहे. माशीची गुणगुण, तालमीतील लाथेचा आवाज, पाठीमागून आलेला चेंडू, यांतील काहीही तिला गाळता येत नाही. अशा अनेक मुलांना प्रकाश, ध्वनी आणि स्पर्श असह्य होतात, हे आता तज्ज्ञ सांगतात. हे एक सत्य या मारधाडीच्या चित्रपटाने अचूक पकडले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवलेला पहिला जागतिक स्वमग्नता जागृती दिन २ एप्रिल २००८ रोजी पाळला गेला. चित्रपट त्याच्या दोन महिने आधीचा आहे.

आणि मग आईची गोष्ट. अम्मारा सिरिपोंग या अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. केस गळालेली, अंथरुणाला खिळलेली ही बाई टोळीयुद्धाच्या गदारोळात कित्येकांच्या लक्षातही राहणार नाही. पण चित्रपटाचा कणा तीच आहे. तिच्या मरणाला तिची हरकत नाही. तिला एकच प्रश्न खातो, 'माझ्यामागे हिचे कोण?' बँकॉकमधील बाईचा हा प्रश्न म्हापशातल्या, मडगावातल्या, बेळगावातल्या आईला वेगळा करून सांगावा लागणार नाही. आपल्या देशात १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्याच्या उद्दिष्टांतच हा प्रश्न लिहिलेला आहे. आईबापांच्या पश्चात स्वमग्न, मतिमंद व बहुविकलांग व्यक्तींचा सांभाळ कसा व्हावा आणि त्यांना कायदेशीर पालक कसा मिळावा, याची तरतूद त्यात आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालक त्यासाठी अर्ज करू शकतात. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला एकवीस अपंगत्वांच्या यादीत स्थान दिले. परंतु कायदा आहे हे ठाऊक असलेली घरे किती, आणि समितीपर्यंत पोचलेली किती? या ठिकाणी आमच्याच वाचकांपैकी ज्यांच्या शेजारीपाजारी असे मूल आहे, त्यांनी ही माहिती त्या घरी पोचती केली तर या लेखाचा कागद सार्थकी लागेल.

चित्रपटाने आपल्या परीने उत्तर काढले आहे. आई जगत नाही, आणि जपानहून परतलेला बाप मुलीचा हात धरतो. हिरोशी आबे या जपानी नटाने तो बाप संयमाने रंगवला आहे, हे मान्य. पण ज्याने जन्मापासून पोरीचे तोंड पाहिले नाही, त्याने शेवटच्या घटकेस यावे आणि सारे सुरळीत व्हावे, ही सोय कथालेखकाची झाली. आमचा जीव त्या गुटगुटीत मूममध्ये अधिक गुंतला. झेनला काय हवे, ती कशाने बिथरते, चॉकलेट कोठल्या खिशात ठेवावयाचे, हे सारे त्या अनाथ पोराला न सांगता कळते.

चित्रपट संपला म्हणून उठून जाऊ नये. हाँगकाँगच्या जॅकी चॅनने पाडलेल्या प्रथेप्रमाणे शेवटी श्रेयनामावलीबरोबर चित्रीकरणातील अपघात दाखवले आहेत. कडेवरून खाली पडलेली माणसे, मानेला बांधलेले पट्टे, रुग्णालयाच्या खाटा. जीजाच्या चेहऱ्यावरही घाव बसतो. प्रेक्षागृहात या दृश्यांना हशा पिकतो, टाळ्या पडतात. आम्हांस हसू आले नाही. संगणकाची जादू नाही या अभिमानाची किंमत कोणी चुकती केली ते येथे दिसते, आणि ती चुकती करणाऱ्यांची नावे झरझर वर सरकणाऱ्या थाई अक्षरांत आपल्याला वाचताही येत नाहीत. पन्नांच्या पथकातील ही पोरे खेड्यातून आलेली, मार खाणे हाच त्यांचा व्यवसाय. एक पडला की दुसरा त्याच कडेवर जाऊन उभा राहतो. सुजलेल्या चेहऱ्यावर बर्फ धरून बसलेली जीजा थोड्या वेळाने उठते, कॅमेऱ्यापुढे आपल्या जागी येते, आणि कोणीतरी पुन्हा इशारा देतो.